अपराध्याचे ऐकावे काय?



२०२५ सालच्या भाद्रपद शुद्ध एकादशीची गोष्ट. नागपुरात आमच्या मंडळाचा हरिपाठ झाला, आरती झाली, उपासाचा फराळ हातात पडला आणि मंडळी उठायची ती भिंतीला टेकून बसली. टाळ खाली ठेवले की प्रपंच वर येतो, हा आपणा सर्वांचाच अनुभव आहे. त्या दिवशी प्रपंचाचा विषय होता वर्तमानपत्रातली आठवडाभरापूर्वीची एक बातमी.

बातमी आमच्याच शहरातली. २००८ साली नागपुरात एका चार वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. त्या गुन्ह्यात वसंता दुपारे याला फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती कायम केली, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, २०१७ साली फेरविचाराचा अर्जही फेटाळला गेला. २०२३ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज नाकारला. सारे दरवाजे बंद झाले असे लोकांना वाटले. आणि २५ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तो दोषी आहे हे कायम. परंतु शिक्षा कोणती द्यावी एवढे मात्र पुन्हा ऐकले जावे.

झाले! आमच्या मंडळीत एकच खळबळ. एक जण म्हणाला, "सतरा वर्षं झाली बाप्पा. आता अजून काय आयकाचं रायलं त्याचं?" दुसरा म्हणाला, "आपल्याच पैशानं त्याले जेवन भेटते, अन् वकीलबी भेटते." तिसऱ्याने तर हाताने दोर ओढल्याची खूण करून दाखवली. खोटे कशाला बोलू? माझीही मान हलली. तेवढ्यात दाराशी वाती वळत बसलेली आमची एक म्हातारी माय, जी कधी कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, ती म्हणाली, "त्याले अपील हाये. मेलेल्या पोरीले कोन्तं अपील हाये, सांगा मले."

सारे गप्प झाले. मग कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणाले, "महाराज, तुम्ही सांगा." मला त्या दिवशी काही सांगता आले नाही. घरी आलो, पण तो प्रश्न पाठीशी लागला. आज जे लिहितो आहे ते त्या मायला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे. पटेल तेवढे घ्यावे.

पहिली गोष्ट ही की, लोकांचा संताप हे पाप नव्हे. लेकरू मारले गेले हे ऐकून ज्याचे रक्त तापत नाही, त्याने कपाळाला बुक्का लावला काय आणि न लावला काय! दया म्हणजे नुसता मऊपणा, असे आपल्या संतांनी कधी शिकवले नाही. तुकोबांनी दयेचा अर्थ सांगताना जिवांचा सांभाळ आणि दुष्टांचा बंदोबस्त या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी बसवल्या आहेत. तेव्हा खुन्याला शिक्षा नको, असे येथे कोणी म्हणत नाही. प्रश्न निराळा आहे. शिक्षा करताना त्याचे ऐकावे की नाही, आणि किती वेळा ऐकावे?

येथे आपल्या मनाची एक खोड आपण ओळखली पाहिजे. नागपूरकरांना मारबत सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, मागून बडगे निघतात, आणि साऱ्या गावाची ईडापीडा, रोगराई तिच्यासोबत जावो म्हणून लोक ओरडतात. शेवटी ती जाळतात. घरी आल्यावर मन हलके वाटते. उत्सव म्हणून ते ठीक आहे. मारबत कागदाची आणि बांबूची असते. परंतु कुठे घोर खून झाला की आपण जित्या माणसाची मारबत करतो. आपल्या गल्लीतली दारू, पोरांकडे झालेले दुर्लक्ष, शेजारचे रडणे ऐकून लावून घेतलेले दार, सारी ईडापीडा त्या एकट्याच्या डोक्यावर बसवतो आणि म्हणतो, जाळा एकदाचा! आणि मग मारबतीने अपील केले म्हणून आपल्याला राग येतो. तिने बोलायचेच नसते ना!

आता अपील म्हणजे काय ते नीट पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, अपील ही गुन्हेगाराने काढलेली पळवाट आहे. तसे नाही. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली आणि कैदी तोंडातून चकार शब्द न काढता बसून राहिला, तरी त्याला फाशी देता येत नाही. सत्र न्यायालयाने स्वतः होऊन ते प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावे लागते, आणि तेथे किमान दोन न्यायमूर्तींनी सारा पुरावा पुन्हा पाहून मंजुरी दिली तरच ती शिक्षा खरी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३६६ होते; १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४०७ झाले. नाव बदलले, अर्थ तोच राहिला. म्हणजे दुसऱ्यांदा ऐकणे ही कैद्यावर केलेली मेहेरबानी नाही. न्यायाधीशाने स्वतःच्या हातावर ठेवलेला तो दुसरा हात आहे. कायद्याला ठाऊक आहे की न्याय करणारा माणूसच आहे, आणि माणूस चुकतो.

चुकतो म्हणजे किती चुकतो? ऐका. २००३ साली नाशिक जिल्ह्यात एक भयंकर हत्याकांड झाले. पाच माणसे मारली गेली, बायकांवर अत्याचार झाला. भटक्या जमातीतली, मजुरी करून पोट भरणारी सहा माणसे पकडली गेली. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम ठेवून तिघांची जन्मठेप केली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशी दिली. आता याहून वरचे कोर्ट कोणते? परंतु पुढे तो निकाल मागे घेऊन प्रकरण पुन्हा ऐकले गेले, आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या फोटोंमधून आधी दुसऱ्याच चार जणांना ओळखले होते, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा हुकूम केला. सोळा वर्षे गेली ती गेली. परंतु गळ्यातला दोर निघाला. २००९ साली "आता आणखी काय ऐकायचे" असे म्हणून दोर ओढला असता, तर ते पाच लाख कोणाच्या हातात ठेवले असते?

दुसरी गोष्ट तर आपल्या नागपूरच्या तुरुंगातली. महाराष्ट्रात फाशी द्यायच्या जागा दोनच: एक येरवडा आणि एक आमचे नागपूर. पुण्यात १९९४ साली एका घरातल्या सात जणांचा खून झाला. त्यात फाशी झालेला एक जण वर्षानुवर्षे आमच्या या तुरुंगात दोराची वाट पाहत होता. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली त्याची फाशी कायम केली होती. पुढे शाळेच्या दाखल्यावरून चौकशी झाली, आणि मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने मान्य केले की, गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. साडेबारा वर्षे! म्हणजे सातवी-आठवीतले पोर. अल्पवयीन गुन्हेगाराला फाशी देताच येत नाही. अठ्ठावीस वर्षे कैदेत काढून तो सुटला. गुन्ह्यात तो होता. परंतु तो कोण होता, केवढा होता, हे इतकी वर्षे कोणी नीट पाहिलेच नव्हते.

वारकऱ्याला या गोष्टी नव्या वाटायला नकोत. आपली जनी आठवा. देव तिच्यासंगे दळायला बसले, जाताना पदक विसरले आणि तिची वाकळ पांघरून गेले. सकाळी बडव्यांनी पदक जनीपाशी पाहिले. पुरावा उघड होता, साक्षीदार होते, दासी गरीब होती. चोरीचा निवाडा एका सकाळीत झाला आणि चंद्रभागेच्या वाळवंटात सूळ रोवला गेला. त्या दिवशी पंढरपुरात लोक काय म्हणत असतील? हेच म्हणत असतील, "अजून काय ऐकायचे?" जनीने धावा केला आणि सुळाचे पाणी झाले, अशी भक्तविजयाची कथा आहे. कीर्तनात ही कथा ऐकताना आपण डोळे पुसतो. परंतु आपण मनात स्वतःला कोठे उभे करतो? नेहमी जनीपाशी! त्या वाळवंटातल्या गर्दीत आपण होतो, असे कोणालाच वाटत नाही. आज सुळाचे पाणी करायला देव प्रत्येक वेळी येईलच असे नाही. म्हणून माणसांनी एक साधी व्यवस्था केली आहे. सूळ रोवण्याआधी दुसऱ्याने, तिसऱ्याने पुन्हा विचारावे.

आणि गर्दीत मी होतो. हे सांगितल्यावाचून पुढचे लिहिण्याचा मला अधिकार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या एका दिंडीत शिध्याच्या पैशांचा डबा मोजताना बाराशे रुपये कमी भरले. सामानाच्या टेम्पोवर एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा होता. बाप नाही, आई लोकांकडे धुणीभांडी करणारी. डब्याजवळ रात्री तोच झोपायचा. दुसऱ्या कोणाकडे संशय जाण्याचे कारणच नव्हते. तो म्हणाला, "मी नाई घेतले, माउली." आम्ही एकदा विचारले, दोनदा विचारले, मग दोघांनी त्याला मारले, आणि पुढच्या मुक्कामावरून एस.टी.त बसवून परत पाठवले. तिकिटाचे पैसे मीच दिले, आणि केवढे औदार्य केले असे मला वाटले! वारीहून परतल्यावर हिशेबाची वही उघडली, तेव्हा कळले की एका मुक्कामाला तांदळाचे पैसे दिले होते आणि ते लिहायचे राहून गेले होते. देणारा मीच होतो. मी त्याच्या घरी गेलो, माफी मागितली. त्याची आई म्हणाली, "ठीक हाये." तो मुलगा आतून बाहेर आला नाही. पुढे तो कधी दिंडीत आला नाही आणि त्याच्या गळ्यातली माळही मला दिसली नाही. बाराशे रुपयांच्या निवाड्यात मी एवढा चुकलो. तेथे वहीचे पान एकदा उलटून पाहायला कोणी सांगितले असते, तर तेच त्या पोराचे अपील झाले असते.

आता कोणी म्हणेल, "महाराज, हे सारे निर्दोष माणसांचे झाले. ज्या माणसाचा गुन्हा चार-चार वेळा सिद्ध झाला, त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे. २५ ऑगस्टच्या निकालानेही त्याला निर्दोष म्हटलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली घालून दिलेला नियम असा आहे की, फाशी देण्याआधी त्या माणसाचे पूर्वायुष्य, त्याच्या मनाची स्थिती, तुरुंगातली वागणूक यांचे अहवाल मागवून पाहावेत. ते या प्रकरणात झाले नव्हते. ते पाहून मग ठरवा, एवढेच त्याचे सार. फाशी विरळातल्या विरळ प्रकरणी द्यावी, हे तर १९८० पासून ठरलेले आहे. मग विरळ कोण हे ठरवायला नुसते प्रेत पाहून भागत नाही, माणूसही पाहावा लागतो.

येथे मला वाल्या आठवतो. एकेका खुनाला एकेक खडा टाकून त्याने सात रांजण भरले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. नारदाच्या आधी एक दिवस राजाचे शिपाई तेथे पोचले असते, तर? परंतु ही कथा आपण अर्धीच सांगतो. वाल्याचा वाल्मीकी झाला, रामायण झाले. पण त्या रांजणांतला एकही खडा बाहेर आला नाही. ज्यांचे बाप, भाऊ त्या रानात मेले, ते परत आले नाहीत. माणूस बदलू शकतो ही गोष्ट खरी, आणि खडा खडाच राहतो हीही खरी. न्यायाला दोन्ही एकदम पाहावे लागते. या कैद्याने तुरुंगात शिक्षण घेतले, गांधी विचार परीक्षा दिली, हे २०१७ साली न्यायालयापुढे आले होते. तेव्हा न्यायालयाला ते पुरेसे वाटले नाही. तो खरा पश्चात्ताप की नुसता कागद, हे मी कसे सांगू? ते एका पांडुरंगाला माहीत. पण दोर ओढण्यापूर्वी कोणीतरी पाहायला हवे, कारण ओढल्यावर पाहायला काही उरत नाही.

आणि ऐकून घेणे म्हणजे सोडून देणे नव्हे. मुंबईच्या १९९३ च्या बॉम्बस्फोटांतल्या याकूब मेमनला ३० जुलै २०१५ ला आमच्या नागपूरच्या तुरुंगात फाशी झाली. त्याच्या आदल्या उत्तररात्री सर्वोच्च न्यायालय उघडून त्याचा शेवटचा अर्ज ऐकला गेला. ऐकला, आणि फेटाळला. नागपूरच्याच युग चांडक या आठ वर्षांच्या मुलाचे सप्टेंबर २०१४ मध्ये खंडणीसाठी अपहरण होऊन खून झाला, तेव्हा सारे शहर हळहळले होते. त्यातल्या दोघांना झालेली फाशी नागपूर खंडपीठाने कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ती बदलून जन्मठेप केली, परंतु पंचवीस वर्षे सुटका नाही असे बजावले. लोकांना ते कमी वाटले असेल. त्या आईबापांना तर कोणतीच शिक्षा पुरेशी वाटणार नाही, आणि त्यांना तसे वाटण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु दोषी सुटले, असे मात्र कोणी म्हणू नये.

आता त्या म्हाताऱ्या मायचा प्रश्न. मेलेल्या पोरीला अपील कोणते?

माय, कायद्याने थोडे दिले आहे. ३१ डिसेंबर २००९ पासून बळी पडलेल्याच्या वारसांना, पालकांनाही अपील करता येते. आरोपी निर्दोष सुटला, कमी गुन्ह्यात दोषी ठरला किंवा नुकसानभरपाई अपुरी दिली, तर. शिक्षाच कमी झाली असे वाटले, तर ते अपील सरकारने करायचे असते. पण तुझ्या प्रश्नाचे हे पुरते उत्तर नव्हे, हे मला कळते. पोर परत मागण्याचे अपील कुठल्याच कोर्टात चालत नाही. तुझ्या बोलण्यात खरे दुःख दुसरेच होते. अपराध्याचे ऐकायला पाच पायऱ्या आहेत आणि ज्यांचे लेकरू गेले त्यांचे ऐकायला कोणी नाही, हे तुला म्हणायचे होते. आणि ते खरे आहे.

ऐकून न घेतल्याने काय होते, तेही नागपूरने पाहिले आहे. १३ ऑगस्ट २००४ ला अक्कू यादव नावाच्या गुंडाला कस्तुरबा नगरच्या बायकांच्या जमावाने भर न्यायालयात ठार मारले. वर्षानुवर्षे त्याने वस्तीला छळले होते, आणि आमच्या तक्रारी पोलीस घेत नाहीत असे त्या बाया सांगत होत्या. त्या खटल्यातले आरोपी २०१४ साली पुराव्याअभावी सुटले. त्या बायांना नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण त्या दिवसाचा धडा "कोर्ट नको, जमाव हवा" असा नाही. पहिल्याच तक्रारीला कान मिळाला असता, तर हातात सुरी आली नसती. म्हणजे दोष ऐकण्यात नाही. न ऐकण्यात आहे, आणि फार उशिरा ऐकण्यात आहे. सतरा वर्षे लागली याचा राग आपण अपिलावर काढतो. राग उशिरावर काढावा. न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या का, तपास कच्चा का, गरिबाला चांगला वकील पहिल्या दिवसापासून का नाही, हे विचारावे. पहिल्याच खटल्यात सारे नीट ऐकले गेले असते, तर सतराव्या वर्षी पुन्हा ऐकण्याची पाळी आली नसती.

नवविधा भक्तीत पहिली भक्ती कोणती? श्रवण. आपण कथा ऐकतो, अभंग ऐकतो, ती सोपी गोष्ट. तेथे ऐकायला गोडी असते. ज्याचे तोंड पाहू नये असे वाटते त्याचे ऐकणे अवघड, आणि ज्याचे दुःख ऐकवत नाही त्याच्यापाशी जाऊन बसणे त्याहून अवघड. दोन्ही ठिकाणी आपण कान झाकतो. मारबत जळाली की परत फिरतो, आणि त्या घरातल्या आईकडे वर्षश्राद्धालाही कोणी फिरकत नाही. माउलीने पसायदानात दुष्ट मरोत असे मागितले नाही; त्यांच्यातला वाकडेपणा जावा असे मागितले. ते आपण रोज म्हणतो. मग निदान एवढे करावे. अशी बातमी आली की दोराची खूण करण्याआधी क्षणभर थांबावे, आणि आपल्या गावात असे घर असेल तर एका एकादशीला तेथे जाऊन बसावे. काही बोलू नये. ते जे बोलतील ते ऐकावे.

हे सारे मी पुढच्या एकादशीला मायला सांगितले. तिच्या वाती चालूच होत्या. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "आयका मंग. आयकाले माझं काई म्हननं नाई. पन लवकर आयका, बापा. तिची माय म्हातारी होऊन रायली ना."

यापुढे मला लिहायचे काही उरले नाही.

रामकृष्ण हरि.